दार सुरळीत चालते का

हूड रिव्हरला पोचले तेव्हा नाशपातीच्या बागांत
शिड्या नुसत्याच उभ्या होत्या, माणसं जेवायला गेलेली.
मी काउंटीची तपासनीस. हातात टेप, लेव्हल,
ओल मोजायचं यंत्र,
आणि डोक्यात आधीच लिहून ठेवलेला हळवा परिच्छेद:
कागदाच्या सरकत्या भिंती, गवताच्या चटयांचा वास,
लाकडात एकही खिळा नाही.

फुमिये हिराता, वय अठ्ठ्याऐंशी, म्हणाल्या,
"खिळे आहेत. मोजा हवे तर.
वडिलांना घाई होती, हिवाळा तोंडावर आलेला."

मग त्यांनी घर दाखवलं,
म्हणजे घराच्या चहाड्या केल्या.
इथून वारा यायचा. इथे आई
पाय गोधडीत गुंडाळून तांदूळ निवडायची.
या चौकटीला दर वर्षी नवा कागद,
कारण ग्लेन बोट ओलं करून भोकं पाडायचा.
मी विचारलं, पण आत्मा असतो ना अशा घराला?
"असतो की. त्याला संधिवात आहे."

फक्त एका दारापाशी त्या थांबल्या.
मध्यावर अडणारं दार. कर्र करायचं.
वडील ते जरा उचलून ढकलत.
आई गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी.
भाऊ पायाने, आणि मग बोलणी खाई.
कोण आलं ते मान न वळवता कळायचं.

(मिरजेत आमची कडी दोनदा वाजली
की मी पुस्तक उशीखाली सारायची.
हे मी त्यांना सांगितलं नाही.)

"बेचाळीस साली," त्या म्हणाल्या,
आणि माझ्या कानात क्षणभर
आमच्याकडचं बेचाळीस वाजलं, प्रभातफेऱ्या, घोषणा.
त्यांचं बेचाळीस म्हणजे
गळ्यात नंबराची चिठ्ठी, हातात मावेल तेवढं सामान,
आणि किल्ली शेजाऱ्याकडे.
तीन वर्षांनी परतले तर या खोलीत कोंबड्या.
चटया कुजलेल्या, कागद फाटलेला.
वडिलांनी दार सरकवलं.
ते तिथेच अडलं. तसंच कण्हलं.
"तेव्हा आई रडली. तोवर रडली नव्हती."

नवं घर वरच्या उतारावर.
काँक्रीट, काच, पावलं ओळखणारे दिवे,
आपण जवळ गेलो की झाकण उचलणारा संडास.
"हेही जपानीच आहे," ग्लेन म्हणाला, थोडं दुखावल्यासारखं.
मी हो म्हटलं. खरंच होतं ते.
फुमिये बाईंना आवडलंही.
अनवाणी फिरत होत्या.
"फरशी गरम आहे. आई असती
तर इथे गाल टेकून झोपली असती."
जुन्याबद्दल मी काही बोलेन
या भीतीने की काय, त्यांनी मला सफरचंद कापून दिलं.

शेवटच्या तपासणीला गेले नोव्हेंबरात.
पाऊस बारीक. जुनं घर उतरवलेलं,
जागेवर ओल्या मातीचा चौकोन.
सगळी दारं लोण्यातून सुरी जावी तशी सरकत होती.
त्यांच्या झोपण्याच्या खोलीचं
अर्ध्यावर आलं आणि म्हणालं: कर्र.

मी गुडघ्यांवर बसले. खाचेत
दार अलगद मिटवणारी स्प्रिंग नव्हती.
तिथे जुन्या लाकडाची पट्टी, हाताने घासलेली,
दोन खिळ्यांनी ठोकलेली.
एक वाकडा.

"रात्री मुलगा बघायला येतो,
मी आहे की गेले," त्या हळूच म्हणाल्या.
"चोरपावलांनी. त्याला वाटतं मला कळत नाही.
आता कळतं. मी डोळे मिटून घेते,
नीट श्वास घेते, तो ऐकेल असा."

फॉर्मवर रकाना होता.
दार सुरळीत चालते का.
बाहेर ग्लेन फोनवर कोणाला तरी
पंचवीस नंबरच्या पेट्यांचा भाव सांगत होता.
पेन चालेना, थंडीने. मी ते तळहातावर घासलं,
आणि लिहिलं: चालते.